दाढीवाल्या सरड्याचे दुखणे

घरात मूल आजारी पडले म्हणजे ते रडते, कुत्रे आजारी पडले म्हणजे कण्हते, आणि गाय वैरण सोडून धन्याच्या तोंडाकडे पाहत राहते. सरडा यांपैकी काहीच करीत नाही. काल जसा बसला होता तसाच तो आज बसलेला दिसतो. दुखण्याने अगदी शेवटची पायरी गाठली तरी त्याच्या बसण्यात अनभिज्ञ माणसाला फरक कळेलच असे नाही. यात त्याचा दोष नाही. रानात ज्याने अशक्तपणा दाखविला त्याच्यावर घार प्रथम झडप घालते. तेव्हा दुखणे लपविणे हा त्याच्या जातीचा पिढ्यानपिढ्यांचा धर्मच होऊन बसला आहे. दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत मात्र हाच धर्म त्याच्या जिवावर उठतो.

हल्ली शहरांतून काही घरी जो सरडा पाळतात तो आपल्या कुंपणावरचा नव्हे. त्याला इंग्रजीत ‘बिअर्डेड ड्रॅगन’ असे नाव आहे. मराठीत ‘दाढीवाला सरडा’ म्हणावयास हरकत नाही. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मध्य व पूर्व भागांतील कोरड्या, उष्ण मुलखाचा रहिवासी. शेपटीसह लांबी सुमारे हातभर, रंग वाळलेल्या मातीचा, आणि गळ्याखाली काटेरी कातडीची झालर. भीती वाटली किंवा राग आला की ही झालर फुगते व काळी पडते. तीच त्याची दाढी. शास्त्रज्ञ त्याला ‘पोगोना व्हिटिसेप्स’ म्हणतात. ज्या कुलात हा मोडतो त्याच कुलात आपल्या बागेतील सरडाही मोडतो. इतकेच नव्हे तर याच कुलातील, गळ्याखाली रंगीत पंखा उघडणाऱ्या सरड्यांच्या एका प्रजातीला २०१६ मध्ये संशोधकांनी ‘सरडा’ असेच नाव दिले. आपला मराठी शब्द जसाच्या तसा उचलून त्यांनी तो प्राणिशास्त्राच्या कोशात नेऊन बसविला. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर या प्रजातीतील एक अत्यंत देखणी जात राहते. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा हा परका पाहुणा नात्याने आपला अगदीच कोणी लागत नाही असे नाही.

तो येथे आला कसा, ही कथा मात्र तितकी देखणी नाही. ऑस्ट्रेलियाने आपल्या रानातील प्राणी व्यापारासाठी बाहेर पाठविण्यास कित्येक दशकांपासून बंदी घातलेली आहे. जगभर विकले जाणारे दाढीवाले सरडे हे पूर्वी केव्हातरी बाहेर गेलेल्या प्राण्यांची, पिंजऱ्यांत जन्मलेली संतती होय. आपल्याकडे असे विदेशी प्राणी कोणत्या वाटेने येतात याचा एक नमुना ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईस पाहावयास मिळाला. शोभेच्या माशांच्या नावाने आलेल्या मालात अजगर, सरडे, कासवे असे सहाशेहून अधिक प्राणी दडविलेले सापडले. त्यांतील शंभराहून अधिक वाटेतच मेले होते. दुकानात हसतमुखाने पुढे केलेल्या प्राण्याच्या मागे असा प्रवास असू शकतो, हे विकत घेणाराला बहुधा कोणी सांगत नाही.

आता छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात एक घर आहे असे श्रोत्यांनी समजावे. घर कल्पनेतले आहे. परंतु त्या घरातील सरड्याचे जे दुखणे पुढे वर्णिले आहे त्यातील एकही लक्षण कल्पनेतले नाही. वडील बँकेत, आई शाळेत शिक्षिका, मुलगा आठवीत, आणि पैठणहून येऊन राहिलेली आजी. मुंबईच्या मामांनी वर्षामागे भाच्याच्या वाढदिवसाला हा प्राणी दिला. सोबत काचेची पेटी दिली, एक साधा दिवा दिला, पिठात होणाऱ्या किड्यांचा डबा दिला, आणि पावती मात्र दिली नाही. पेटी मुलाच्या अभ्यासाच्या मेजावर, पूर्वेच्या खिडकीशी ठेवण्यात आली. खिडकीची काच धूळ येऊ नये म्हणून बंद. सकाळचे ऊन त्या काचेतून पेटीवर छान पडे, आणि ‘याला उन्हाची हौस मोठी’ असे आई कौतुकाने म्हणे. खाण्यास ते किडे आणि स्वयंपाकघरातून उरलेला पालक. प्राणी भराभर वाढला. घरातील सर्वांना वाटले की आपण त्याचे उत्तम करीत आहोत.

प्रथम त्याच्या पायांची बोटे मधूनमधून थरथरू लागली. मुलाला वाटले, खेळतो आहे. मग तो पोट उचलून चालेनासा झाला. घसरत घसरत पुढे सरके. खाणे कमी झाले. जबड्याचा आकार किंचित फुगीर दिसू लागला. आणि एके दिवशी मुलाने त्याला हातावर घेतले असता तो मेजावरून फरशीवर पडला. उंची अडीच फूट. धडधाकट सरड्याने अंग झाडले असते आणि पळाला असता. याचा पुढचा उजवा पाय दुसऱ्या दिवशी सुजून दुप्पट झाला.

अशा प्रसंगी घरात जे बोलले जाते ते ऐकण्याजोगे असते. वडील म्हणाले, “डॉक्टरांकडे न्यावे तर खरे, पण कोठून आणला म्हणून विचारले तर? कागद एक नाही आपल्याजवळ.” आईने सुचविले की दोन दिवस हळद लावून पाहावी. शेजारच्या गृहस्थांनी तर याहून सोपा उपाय काढला: दिल्ली दरवाजाशेजारी सलीम अली सरोवर आहे, झाडी आहे, पाखरे आहेत; नेऊन सोडून द्यावा, देव त्याचे रक्षण करील. मुलगा काहीच बोलला नाही. आजीने तेवढे चष्मा लावून त्या पायाकडे, मग त्या जबड्याकडे पाहिले आणि म्हटले, “अगं सूनबाई, हा मुडदूस आहे. आमच्या गावी पोरांना होत असे.”

सरोवरात सोडण्याची कल्पना प्रथम निकालात काढावी. मोडक्या पायाचा परदेशी सरडा तेथे रात्रभरही निभावणार नाही. आणि दुर्दैवाने निभावलाच, तर अंगावरचे रोग येथल्या सरड्यांना देईल. सोडून देणे हा शब्द दयेचा वाटतो. वस्तुतः ती जबाबदारी टाकण्याची एक सोज्वळ रीत आहे.

कायद्याची भीती अधिक विचारात घेण्यासारखी आहे, कारण कित्येक प्राणी ह्या भीतीनेच उपचारावाचून मरतात. घोरपड, स्टार कासव, पोपट हे आपल्या देशातील वन्य प्राणी होत, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरी ठेवणे हा गुन्हा आहे. विदेशी प्राण्यांविषयी २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात ज्या जाती समाविष्ट आहेत त्यांची नोंद करणे पाळणाराला बंधनकारक झाले. बाजारात एका नावाने दुसराच प्राणी विकला जातो. म्हणून आपल्याजवळचा प्राणी नेमका कोणत्या जातीचा आहे हे जाणत्याकडून ठरवून घ्यावे आणि वनविभागाकडे विचारणा करावी हेच शहाणपणाचे. परंतु ही विचारणा आणि मोडलेला पाय यांत आधी पाय. पशुवैद्याचे काम दुखणे पाहण्याचे आहे.

पशुवैद्य मिळणे हीही मराठवाड्यात सोपी गोष्ट नाही. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तेथून शिकून गेलेले वैद्य जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पण त्यांचे आयुष्य गाई, म्हशी, शेळ्या यांत जाते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास असलेले वैद्य मुंबई-पुण्याकडेही थोडेच. तथापि ह्या अडचणीवर हल्ली तोड निघाली आहे. गावातील वैद्याने क्ष-किरणांचे चित्र काढावे, आणि ते दूरध्वनीवरून क्षणात जाणत्या वैद्याकडे पाठवून त्याचा सल्ला घ्यावा. स्वतःला ठाऊक नाही असे मोकळेपणाने म्हणून दुसऱ्याला विचारणारा वैद्य अशा वेळी फार मोलाचा.

चित्रात काय दिसते? निरोगी सरड्याची हाडे पांढरी शुभ्र व रेखीव उमटतात. या सरड्याची हाडे धुक्यातून पाहिल्यासारखी पुसट असतात. पुढच्या पायाचे हाड ओल्या फांदीसारखे दुमडलेले, आणि ज्याची कोणाला कल्पनाही नव्हती असे मागच्या पायात एक जुने, वेडेवाकडे जुळून आलेले मोडणे. म्हणजे पडल्यामुळे हाड मोडले हे अर्धेच खरे. हाड आधीच मोडायला टेकले होते.

असे का व्हावे, याचे उत्तर आजीच्या एका शब्दात आहे. मुडदूस हा मुलांचा रोग आणि सरड्याचा हा रोग यांचे मूळ बहुतांशी एकच. हाडांना कॅल्शियम लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण अन्नातील कॅल्शियम आतड्यांतून रक्तात शिरण्यास ‘ड’ जीवनसत्त्वाची मदत लागते, आणि हे जीवनसत्त्व कातडीत तयार होते ते उन्हातील एका विशिष्ट प्रकारच्या अदृश्य किरणांनी. जुन्या पुस्तकांत यांना जंबुपार किरण म्हणत. हल्ली अतिनील म्हणतात. हे किरण मिळाले नाहीत म्हणजे रक्तातले कॅल्शियम कमी पडू लागते. पण रक्ताला ते कमी पडून चालत नाही, कारण स्नायूंचे आकुंचन आणि ज्ञानतंतूंचा व्यवहार त्यावर चालतो. हृदयही एक स्नायूच आहे. मग गळ्यातील काही चिमुकल्या ग्रंथी हाडांकडे तगादा लावतात, आणि हाडे आपल्याजवळचा साठा देऊ लागतात. देता देता ती पोकळ होतात. कर्ज फेडण्यासाठी घराचे वासे विकावे, तसा हा प्रकार. वासे संपले म्हणजे बोटे थरथरू लागतात. त्यानंतर झटके येतात.

मुलांच्या मुडदुसाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. पहिले महायुद्ध संपले तेव्हा बर्लिन शहरात मुडदुसाने वाकलेली मुले पुष्कळ होती. हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने १९१९ मध्ये काही मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण दिले आणि त्यांची हाडे भरून येत असल्याचे क्ष-किरणांच्या चित्रांनी दाखविले. पुढे त्याने एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. किरण एकाच हातावर दिले तरी दोन्ही हातांची हाडे सुधारली! यावरून उघड झाले की किरणांनी कातडीत काहीतरी तयार होते आणि ते रक्ताबरोबर सर्व शरीरभर जाते. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅककॉलमने माशाच्या तेलातील मुडदूस बरा करणारा अंश वेगळा ओळखला व त्यालाच ‘ड’ हे अक्षर मिळाले. पैठणच्या आज्यांना हे अक्षर ठाऊक नव्हते. तान्ह्या मुलाला तेल लावून कोवळ्या उन्हात निजवावे एवढे मात्र ठाऊक होते.

मग त्या पूर्वेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाचे काय झाले? सर्व घोटाळा येथेच आहे. काच उजेड आत सोडते, ऊब आत सोडते, पण ज्या किरणांनी ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते त्यांना जवळजवळ पूर्णपणे अडविते. म्हणजे सरडा वर्षभर उन्हात बसला होता आणि तरीही उन्हावाचून राहिला होता. साध्या दिव्यातही ते किरण नाहीत. त्यात भर अन्नाची. पिठातल्या किड्यांत फॉस्फरस फार व कॅल्शियम थोडे, आणि पालकातील आम्ल असलेले कॅल्शियमही बांधून ठेवते. घरातल्या माणसांनी प्रेमात काही कसूर केली नव्हती. काचेचा हा गुण तेवढा त्यांना ठाऊक नव्हता.

उपचार औषधापासून सुरू होत नाहीत, उबेपासून होतात. सरड्याचे शरीर आपली उष्णता आपण तयार करू शकत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. अंग थंड असले तर अन्न पचत नाही, रक्त मंद वाहते, दिलेले औषध जेथे जावयाचे तेथे पोहोचत नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९७४-७५ च्या सुमारास क्लूगर व त्याचे सहकारी यांनी वाळवंटी इग्वानांवर प्रयोग केले. जंतूंची बाधा झालेला सरडा आपण होऊन नेहमीपेक्षा अधिक उबेच्या जागी जाऊन बसतो, असे त्यांस आढळले. त्याला ताप येत नाही, तो ताप शोधीत जातो. आणि ज्यांना ती अधिक ऊब मिळू दिली ते अधिक संख्येने वाचले. ज्यांना थंड जागी अडकवून ठेवले ते दगावले. तेव्हा आजारी सरड्याच्या पेटीत एका टोकाला अडतीस ते बेचाळीस अंशांची बैठक आणि दुसऱ्या टोकाला पंचवीस अंशांच्या आसपासची सावली, अशी दोन्ही ठिकाणे असावी लागतात. कोठे बसावे हे आपण ठरवू नये. ते तोच ठरवितो, आणि आपल्याहून चांगले ठरवितो. दुखऱ्या पायाने चढता येणार नाही म्हणून बैठक जमिनीसरशी करावी आणि वाळू काढून तेथे साधा कागद अंथरावा.

छत्रपती संभाजीनगरच्या हवेत यासाठी काय करावे लागते? उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा दिवा विझवावा लागेल, कदाचित कूलर असलेल्या खोलीत पेटी न्यावी लागेल. पण पौष-माघात रात्री दहा-बारा अंशांपर्यंत थंडी पडते, आणि वीज गेली की दिवा गेला. अशा वेळी गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवली असता रात्र निभावते. अवघड दिवस ते आषाढ-श्रावणाचे: ऊन नाही, हवा ओली; कोरड्या मुलखाच्या या प्राण्याला छातीचे विकार आणि कातडीवरची बुरशी त्याच दिवसांत गाठते. या दिवसांत अतिनील किरणांच्या खास दिव्यावाचून गत्यंतर नाही. त्या दिव्याची एक खोड ध्यानात ठेवावी. तो डोळ्यांना वर्षानुवर्षे प्रकाश देत राहतो, पण त्यातील उपयोगाचे किरण वर्षाच्या आतबाहेर मंदावतात. दिवा जळतो आहे म्हणून निश्चिंत राहणारा माणूस आणि बंद खिडकीतून ऊन येते आहे म्हणून निश्चिंत राहणारा माणूस, यांच्यात फारसा फरक नाही.

ऊन असेल तेव्हा खरे ऊन सर्वांत उत्तम, आणि हे शहर त्या बाबतीत श्रीमंत आहे. मात्र काचेची पेटी उचलून गच्चीवर ठेवणे म्हणजे प्राण्याला भट्टीत घालणे होय. काही मिनिटांत तो आत भाजून मरेल. जाळीचा पिंजरा घ्यावा, त्याच्या अर्ध्या भागावर चटई टाकून सावली करावी, सकाळी आठ-नऊच्या सुमारास वीस-पंचवीस मिनिटे ठेवावा, आणि सर्व वेळ कोणीतरी शेजारी बसून राहावे. गच्चीवर घारी आहेत आणि मांजरेही आहेत. आमच्या या घरात, म्हणजे श्रोत्यांनी मानलेल्या घरात, हे काम आजीकडे आले, कारण वाळवणावर बसण्याचा तिला साठ वर्षांचा अनुभव होता.

पायाविषयी सांगावयाचे तर मांजराच्या किंवा कुत्र्याच्या पायासारखी लाकडी पट्टी येथे क्वचितच उपयोगी पडते. पुढचा पाय मोडला तर तो अंगालगत मागे दुमडून मऊ पट्टीने छातीशी बांधतात. मागचा पाय असेल तर शेपटीलगत. शरीरच पट्टीचे काम करते. बांधणी घट्ट झाली तर श्वास अडतो, म्हणून ती वैद्यानेच करावी. दुखणे कमी करणारे औषधही त्यानेच द्यावे; माणसांच्या गोळीचा तुकडा देण्याचा मोह आवरावा. कॅल्शियमचे पातळ औषध तोंडाने देतात, पण तेही मापाने. आधी उपाशी ठेवले म्हणून आता दुप्पट घालावे हा हिशेब शरीर मान्य करीत नाही. अधिक झालेले कॅल्शियम मूत्रपिंडांत आणि रक्तवाहिन्यांत जाऊन बसते. शेपटी किंवा बोट दुखावले असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्यावी: घरातल्या पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते, याची येत नाही.

भरविणे हे सर्वांत नाजूक काम. थंड पडलेल्या सरड्याला कधीही भरवू नये. पोटातले अन्न न पचता कुजते. प्रथम ऊब, मग पाणी, मग अन्न, हा क्रम मोडू नये. सकाळी उबेवर बसवून झाल्यावर कोमट पाण्यात, खांदे बुडणार नाहीत इतक्या उथळ भांड्यात, दहा मिनिटे ठेवले म्हणजे बद्धकोष्ठ सुटण्यास मदत होते. जबडा मऊ झालेला असतो. तो जोराने उघडू पाहिला तर तोही मोडेल. सुई काढलेल्या पिचकारीने एकेक थेंब नाकाच्या टोकाशी, ओठांच्या कडेला लावावा. तो जीभ काढून चाटतो. चाटून गिळला की दुसरा थेंब. घाईने तोंडात पिचकारी रिकामी केली तर पातळ अन्न श्वासनळीत जाते, आणि मग मोडक्या पायाची काळजी करण्याचे कारण उरत नाही. एका वेळच्या जेवणास अर्धा तास लागतो. ज्या मुलाचे पाच मिनिटांत ताटावरून उठण्याबद्दल रोज बोलणे खाल्ले जाते, तोच मुलगा हे काम उत्तम करतो असा पुष्कळ घरांचा अनुभव असावा. हात वरून न्यावयाचा नाही, बाजूने न्यावयाचा. या सरड्याच्या डोक्यावर, कातडीखाली, एक तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड व सावली कळते, आणि वरून आलेली सावली म्हणजे त्याच्या लेखी घार.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जबडा घट्ट होऊ लागतो. मग पालक बंद करून शेवग्याचा कोवळा पाला, थोडी मेथी, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीची पाकळी असे बारीक चिरून पुढे ठेवावे. किड्यांच्या बाबतीत मराठवाड्याला एक अनपेक्षित सोय आहे. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत तुतीची लागवड वाढली आहे. जालन्याला रेशीमकोषांचा बाजारही भरतो. रेशमाचा किडा मऊ, रसाळ आणि पचण्यास हलका. नुकता जबडा सावरलेल्या सरड्याला याहून चांगला घास नाही. शिवाय तुतीवर विष मारले तर किडाच मरतो, म्हणून तेथील शेतकरी फवारणीबाबत अतिशय जपून असतो. शेतात पकडलेल्या नाकतोड्याविषयी अशी खात्री देता येत नाही. पैठणीच्या गावच्या आजीला रेशमाचा किडा सरड्याला घालणे प्रथम फार जिवावर आले, हेही सांगितले पाहिजे. काजवा मात्र कधीही घालू नये. अमेरिकेतील काजव्यांच्या अंगात हृदयाला मारणारे विष असते आणि ते खाऊन दाढीवाले सरडे मेल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. एक काजवाही पुरतो. आपल्याकडे मृगाच्या आधी काजवे निघतात, आणि मुलांना ते पकडण्याची हौस असते.

सरड्याला हाताळल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुतलेच पाहिजेत. या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जंतू येतात. सरड्याला त्यांचा त्रास नसला तरी लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला तो जबर होतो. त्याचे भांडे स्वयंपाकघराच्या मोरीत धुवू नये.

सुधारणा होते आहे की नाही हे ओळखावयाचे कसे? तोंडावर काहीच दिसत नाही हे आरंभी सांगितलेच आहे. तेव्हा डोळ्यांऐवजी काट्यावर विसंबावे. स्वयंपाकघरात ग्रॅम दाखविणारा काटा असतो तसा एक वेगळा आणून आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, वजन करून वहीत लिहावे. त्या वहीत आणखी चार गोष्टी: काय खाल्ले, शौच केव्हा झाले, बोटे थरथरली का, दुपारी कोणत्या टोकाला बसला. पहिले दोन-तीन आठवडे वजन घटते किंवा जेमतेम टिकते, आणि हाच काळ माणसांच्या परीक्षेचा असतो. सस्तन प्राण्यांचे हाड जेवढ्या दिवसांत जुळते त्याहून सरड्याचे पुष्कळ उशिरा जुळते. कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. वडिलांना वाटते, खर्च व्यर्थ गेला. आईला वाटते, त्या मुक्या जिवाचे हाल संपवावेत. आणि कधी कधी वैद्यही तसेच सुचवितो, व ते खरेही असते. कण्याचे हाड मोडले असेल आणि मागचा भाग लुळा पडला असेल तर उपचार लांबविणे हीच क्रूरता होय. पण हाडांत नुसता पोकळपणा असेल, प्राणी आपण होऊन उबेकडे सरकत असेल, थेंब चाटत असेल, तर थांबण्यास कारण आहे.

मानलेल्या घरातील वहीत सहाव्या आठवड्यात बोटांची थरथर लिहिलेली नाही. आठव्यात वजन सतरा ग्रॅम वाढलेले आहे. अकराव्या आठवड्यात दुसरे चित्र काढले. हाडांच्या कडा स्पष्ट उमटल्या, मोड भरून आली, फक्त पाय कोपरापाशी किंचित बाहेर वळलेला राहिला आणि तो तसाच राहणार. जबड्याचा फुगीरपणाही थोडा कायमचा. पट्टी सोडल्यावर दोन दिवस तो तीन पायांनीच चालला. चौथा पाय आहे हे त्याच्या ध्यानात आले नसावे. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीने गच्चीवर पिंजरा नेला, नेहमीप्रमाणे चटई टाकली आणि डोक्यावरचा पदर सारखा करण्यासाठी हात वर केला. हाताची सावली पिंजऱ्यावरून गेली. सरड्याने पोट उचलले, चारही पायांवर उभा राहिला, तोंड उघडले, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच दाढी फुगवून काळी कुळकुळीत केली. आजी घाईघाईने जिन्याकडे वळून म्हणाली, “बाळा, वर ये रे लवकर, हा माझ्यावर रागावलाय.”

त्या घरी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख लिहिण्याची पद्धत होती. त्याच पानावर आता मुलाच्या अक्षरात आणखी एक तारीख आहे: दिवा नवा लावला. आणि अभ्यासाच्या मेजाजवळची ती पूर्वेची खिडकी उघडी असते. धूळ येते, आई रोज पुसते.